‘सरळ’ शब्दाचा अर्थ आणि प्रकाशकिरणाचा मार्ग

१

विज्ञानाच्या मराठी निरूपणाची चर्चा आपल्याकडे बहुधा परिभाषेच्या अंगाने होते. कोणत्या संज्ञेस कोणता प्रतिशब्द योजावा, तो संस्कृतोद्भव असावा की बोलीतला, याविषयी वाद झडतात आणि कोशही निघतात. हे कार्य मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु संज्ञा ही वाक्यातली एक जागा भरते. त्या जागेस अर्थ देणारे क्रियापद मात्र कोणत्याच समितीपुढे येत नाही. ते बिनचौकशी वाक्यात शिरते आणि आपल्याबरोबर एखादा जुना सिद्धांतही घेऊन येते. सापेक्षता सिद्धांतातील प्रकाशकिरणाच्या मार्गाचे जे वर्णन मराठीत सर्रास केले जाते, त्याच्या आधारे हे म्हणणे तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. गणित तपासण्याचा अधिकार त्याचा नव्हे. वाक्य तपासण्याचा आहे, असे तो समजतो.

या विचारास निमित्त घडले ते माझ्याच एका चुकीचे. अर्थविचाराच्या तासासाठी केलेल्या एका टिपणात मी ‘सूर्याजवळून जाताना प्रकाशकिरण वाकतो’ हे वाक्य निःसंदिग्ध विधानाचा नमुना म्हणून घातले होते. त्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, काठी वाकली असे आपण म्हणतो तेव्हा ती आधी सरळ असते. हा किरण आधी सरळ केव्हा होता?” मला तत्काळ उत्तर देता आले नाही. प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे असे सांगून मी वेळ मारून नेली. पुढे विचार करता ध्यानात आले की, प्रश्न भौतिकशास्त्राचा होताच, पण तो व्याकरणाच्या वाटेने आला होता आणि म्हणूनच अचूक होता.

२

मराठीत ‘वाकणे’ आणि ‘वळणे’ या क्रियापदांचा प्रांत वेगळा आहे. वाकते ती काठी, फांदी, पाठ. येथे वाकणारी वस्तू आधीच अस्तित्वात असते, तिला मूळचा एक आकार असतो आणि कोणत्या तरी भाराने तो आकार बिघडतो. भार काढला तर ती पूर्ववत होईल अशी एक अस्फुट अपेक्षाही त्या शब्दात असते. वळतो तो वाटसरू, बैल, वारा. वळणाऱ्यास दिशा असते, आणि ती तो बदलतो. रस्ताही वळतो, पण त्या प्रयोगात काहीच हलत नाही. ‘हा रस्ता पुढे डावीकडे वळतो’ या वाक्यात वर्तमानकाळ आहे, गतिवाचक क्रियापद आहे, तथापि घटना कोणतीच नाही. आहे ते केवळ जमिनीवरील एका आकाराचे वर्णन.

‘किरण वाकतो’ असे म्हणताच किरण ही काठी होते व सूर्य हा भार होतो. अशा वाक्यापाठोपाठ ‘कारण सूर्य त्याला आपल्याकडे खेचतो’ हे दुसरे वाक्य जवळजवळ आपोआप येते. क्रियापदाने कारणाची जागा मोकळी ठेवलेली असते आणि आपण ती भरतो. या दोन वाक्यांत मिळून जो सिद्धांत सांगितला जातो तो आइन्स्टाइनचा नव्हे. तो न्यूटनच्या मतानुसार प्रकाशास कण मानून केलेला विचार आहे. १८०१ साली जर्मन ज्योतिर्विद योहान फॉन सोल्डनर याने याच कल्पनेवरून गणित मांडले होते: सूर्याच्या कडेस घासून जाणारा किरण सुमारे ०.८४ विकला इतक्या कोनातून ढळेल. आइन्स्टाइनने १९११ साली, आपला व्यापक सिद्धांत पुरा होण्यापूर्वी, निराळ्या मार्गाने जवळजवळ तोच आकडा काढला. नोव्हेंबर १९१५ मध्ये सिद्धांत पूर्णत्वास गेल्यावर मात्र तो आकडा दुप्पट झाला, म्हणजे सुमारे १.७५ विकला.

हे दुप्पट होणे आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. पहिला अर्धा वाटा सूर्याच्या सान्निध्यात काळाची गती मंदावण्यातून येतो. ‘खेचणे’ या क्रियापदाच्या आवाक्यात ढोबळ मानाने तेवढाच बसतो. उरलेला अर्धा वाटा अवकाशाची भूमितीच बदललेली असल्यामुळे येतो. खेचणारा कितीही बलवान कल्पिला, तरी त्या क्रियापदातून हा दुसरा अर्धा वाटा निघत नाही. अर्थात ‘सूर्य किरणाला खेचतो’ हे वाक्य केवळ शैलीदृष्ट्या ढिले आहे असे नाही. त्याची चूक मोजता येते आणि ती सुमारे ०.८७ विकला आहे. क्रियापदाच्या निवडीतील दोष अंश-कला-विकलांत दाखवता येण्याचे असे उदाहरण भाषाभ्यासकाच्या वाट्यास क्वचितच येत असेल.

३

प्रत्यक्ष निरीक्षणाने काय दाखविले, तेही नेमक्या शब्दांत पाहिले पाहिजे. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्राझीलमधील सोब्राल व आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेले प्रिन्सिपे बेट या दोन ठिकाणी सूर्याजवळील ताऱ्यांची छायाचित्रे घेण्यात आली. सूर्य त्या भागात नसताना रात्रीच्या आकाशात घेतलेल्या छायाचित्रांशी ती ताडून पाहिली गेली. तारे सूर्यापासून किंचित दूर सरकलेले आढळले. सोब्रालच्या चांगल्या दुर्बिणीवरून १.९८ आणि प्रिन्सिपेवरून १.६१ विकला असे आकडे निघाले, व ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये ते जाहीर झाले. पाहणाऱ्यांनी वाकलेला किरण पाहिला नाही; किरण बाजूने दिसतच नसतो. त्यांनी पाहिले ते दोन काचांवरील ठिपक्यांचे स्थानांतर.

खग्रास ग्रहण हा योग आपल्या कोकणालाही लाभलेला आहे. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी सर नॉर्मन लॉकियर यांनी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या विजयदुर्गावर तळ दिला होता. त्यांचे लक्ष सूर्याच्या प्रभामंडलावर आणि वर्णपटावर होते. सूर्याभोवतीच्या ताऱ्यांचे स्थान सरकले आहे काय, हा प्रश्न त्या दिवशी किल्ल्यावर कोणाच्या मनात नव्हता, आणि सोल्डनरचे गणितही तोवर विस्मृतीत गेलेले होते. उपकरण, आकाश आणि अंधार ही तिन्ही साधने हाताशी असूनही, प्रश्न शब्दांत मांडलेला नसेल तर निरीक्षण घडत नाही. वर्णनाची भाषा ही शोध लागून गेल्यानंतरची सजावट नसून शोधाच्या सामग्रीचाच एक भाग आहे, हे यावरून दिसते.

४

मग किरणाच्या मार्गाचे यथार्थ वर्णन मराठीत कसे करावे? सिद्धांताचे उत्तर थोडक्यात असे आहे: किरण वाकत नाही, वळत नाही; तो सरळच जातो. ज्यातून तो जातो ते अवकाशकाल सपाट नाही. हे उत्तर ऐकणारास कोड्यासारखे वाटते, कारण ‘सरळ’ म्हणताच त्याच्या डोळ्यांपुढे फूटपट्टीने आखलेली रेघ उभी राहते. परंतु मराठीतील ‘सरळ’चा तो एकमेव अर्थ नव्हे, तो शाळेत शिकलेला अर्थ आहे. दुसरा, अधिक वापरातला अर्थ ऐकण्यासाठी भाट्ये येथे जावे.

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदीच्या खाडीवरील पूल ओलांडला की भाट्ये लागते. एका बाजूस सुरूचे बन व पुळण, दुसऱ्या बाजूस नारळाची झाडे, आणि मधून पावसकडे जाणारा रस्ता. मी तेथे एका वृद्ध गृहस्थांना पावसची वाट विचारली. ते म्हणाले, “असेच सरळ जा. कुठे वळू नका.” पुढे रस्ता चढणीस लागला, डोंगराच्या कुशीतून डावी-उजवी वळणे घेऊ लागला, आणि मी ती सर्व वळणे घेत पावसला पोचलो. त्या गृहस्थांनी मला खोटे सांगितले काय? मुळीच नाही. त्यांच्या ‘सरळ’चा अर्थ असा होता: पावलोपावली जो मार्ग समोर आहे तोच धरावा, आपण होऊन कोणतीही बाजू घेऊ नये. वळणे रस्त्याची होती. वळण्याची क्रिया माझी नव्हती. ‘रस्ता वळतो’ आणि ‘तू वळू नकोस’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी सत्य असू शकतात, हे मराठी बोलणाऱ्या प्रत्येकास उपजत ठाऊक असते.

वाटसरूच्या या ‘सरळ’मध्ये दोन गोष्टी आहेत, व त्या दोन्ही सापेक्षता सिद्धांतास हव्या आहेत. एक, सरळपणाचा निर्णय त्या त्या ठिकाणी होतो. आरंभ व शेवट जोडणाऱ्या एखाद्या काल्पनिक रेघेशी ताडून नव्हे. दुसरी, सरळपणा हा निषेधात्मक गुण आहे: बाजू न घेणे. ज्या वक्रावरून जाताना कोठेही बाजू घेतली जात नाही, असा वक्र म्हणजेच गणितज्ञांचा ‘जिओडेसिक’. दृष्टान्ताची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. डांबरी रस्ता वाटसरूस वळवतो. अवकाशकालात किरणाला धरून ठेवणारा असा रस्ता आधी घातलेला नसतो. तेथे भूमीचा उंचसखलपणा हाच रस्ता असतो. परंतु दृष्टान्त शब्दाचा अर्थ सांगण्यापुरता आहे, भौतिक घटनेचे चित्र म्हणून नव्हे, हे ध्यानात ठेवल्यास त्याने घोटाळा होऊ नये.

भाट्याच्याच किनाऱ्यावर संध्याकाळी या विवेचनाची दुसरी बाजूही पाहावयास मिळते. सूर्यबिंबाची खालची कड समुद्रास टेकलेली दिसते, त्या क्षणी भूमितीच्या हिशेबाने सबंध बिंब क्षितिजाखाली गेलेले असते. क्षितिजालगत वातावरणामुळे किरण सुमारे ३४ कला ढळतो आणि बिंबाचा व्यास सुमारे ३२ कला असतो. हे ढळणे सूर्याच्या गुरुत्वामुळे होणाऱ्या ढळण्याच्या अकराशे पटींहून अधिक आहे. येथे ‘वाकतो’ म्हणावयास माझी हरकत नाही: माध्यम आहे, त्याची घनता बदलते, माध्यम नसते तर किरण कसा गेला असता हे सांगता येते, आणि तांबड्या-निळ्या रंगांचे वाकणेही किंचित भिन्न असते. गुरुत्वाच्या बाबतीत रंगभेद नाही, माध्यम नाही, तांबडा, निळा वा रेडिओलहरींचा किरण एकाच मार्गाने जातो. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत पहिल्या घटनेस ‘वक्रीभवन’ म्हणत असत. आता तेथे ‘अपवर्तन’ हा शब्द आला आहे, ते एका दृष्टीने बरेच झाले. अन्यथा ‘वक्र अवकाश’ आणि ‘किरणाचे वक्रीभवन’ हे शब्द शेजारी येऊन, अवकाश म्हणजे एक प्रकारची काच असा समज दृढ झाला असता.

५

क्रियापदानंतर आता संज्ञेकडे वळू. ‘जिओडेसिक’ या शब्दासाठी हिंदी परिभाषेत ‘अल्पांतरी’ हा शब्द आहे, आणि तो मराठीत घेण्याचा मोह सहज होणारा आहे. घडणीने तो सुबक आहे. पृथ्वीच्या पृष्ठावरील मार्गांपुरता अर्थानेही योग्य आहे. परंतु अवकाशकालात तो उलटा पडतो. मुक्तपणे जाणाऱ्या घड्याळाच्या मार्गावर, शेजारच्या इतर मार्गांच्या तुलनेने, घड्याळाने दाखविलेला काळ अल्पतम नसून महत्तम असतो. प्रकाशकिरणाच्या मार्गावर तर तो अल्पही नाही नि महत्तमही नाही. तो शून्य असतो. ज्या शब्दाच्या पोटातच ‘अल्प अंतर’ आहे त्याने या तिघांना एकत्र बांधणे म्हणजे विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी चुकीची व्याख्या शिकविणे होय. यापेक्षा ‘ऋजुपथ’ हा शब्द मला निर्दोष वाटतो. ‘ऋजु’ या विशेषणात सरळ आणि बाजू न घेणारा, असे दोन्ही अर्थ मराठीत आजही जिवंत आहेत.

‘अंतर’ या शब्दाचाही असाच विचार करावयास हवा. मराठीत अंतर म्हणजे दोन स्थळांमधील लांबी, तसाच दोन गोष्टींमधील फरक. ‘किरणाच्या दोन टोकांतील अंतर शून्य’ असे वाक्य वाचणारास तारा व डोळा एकाच जागी असल्याचा भास होतो. अवकाश व काळ यांचे मिळून जे माप घेतात त्यास ‘अंतराल’ म्हणावे आणि ‘अंतर’ हा शब्द नित्याच्या लांबीसाठी राखून ठेवावा.

यातूनच एक लोकप्रिय विधान निघते: ‘प्रकाशाला काळ नसतो.’ दुसरीकडे आपण म्हणतो, ‘सूर्यप्रकाशाला पृथ्वीवर येण्यास ८ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो.’ दोन्ही वाक्ये एकाच पुस्तकात आढळली की वाचक गोंधळतो. हा गोंधळ ‘ला’ या प्रत्ययाने घातलेला आहे. ‘मुलाला भूक लागते’ येथे चतुर्थीतील मूल हा अनुभव घेणारा. ‘भिंतीला दहा दिवस लागतात’ येथे भिंत काहीच अनुभवीत नाही, दिवस गवंड्याचे असतात. सूर्यप्रकाशाची ८ मिनिटे ही भिंतीच्या दहा दिवसांसारखी आहेत: ती आपल्या घड्याळाची. ‘प्रकाशाला काळ नसतो’ या वाक्यात मात्र प्रकाशाला मुलाच्या जागी बसविलेले असते, जणू तो डोळे मिटून प्रवास करतो व क्षणात पोचतो. सिद्धांत असे काही सांगत नाही. प्रकाशासोबत स्थिर राहील असा निरीक्षकच त्यात संभवत नाही. म्हणून ‘प्रकाशाला काय वाटते’ हा प्रश्नच रचता येत नाही. म्हणावयाचे ते इतकेच की, किरणाच्या वाटेवर मैलाचे दगड रोवायचे झाल्यास त्यांवरील आकडे किरणाच्या घड्याळावरून घालता येत नाहीत. त्यासाठी गणितज्ञास निराळे माप योजावे लागते.

‘मंदावतो’ हे क्रियापदही याच पंक्तीतले. अर्विन शपिरो यांनी १९६४ साली दाखवून दिले की, सूर्याच्या कडेजवळून ग्रहाकडे पाठविलेली व परत आलेली रडारलहर सुमारे २०० मायक्रोसेकंद उशिरा पोचेल. पुढील प्रयोगांनी ते खरे ठरले. यावर ‘सूर्याजवळ प्रकाश मंदावतो’ असे लिहिले जाते. परंतु वाटेतील कोणत्याही ठिकाणी, तेथल्याच घड्याळाने व मोजपट्टीने मोजले असता, प्रकाशाचा वेग नेहमीचाच भरतो. ‘उशिरा पोचतो’ हे विधान खरे आहे. ‘हळू चालतो’ हे त्यावर आपण बसविलेले स्पष्टीकरण आहे.

६

सरळपणाचा हा वाटसरूचा अर्थ स्वीकारला म्हणजे पुढील कित्येक शोध कोड्यासारखे न वाटता स्वाभाविक वाटू लागतात. १९७९ साली आकाशात परस्परांपासून सुमारे ६ विकला अंतरावर असलेले दोन क्वेसार हे वस्तुतः एकाच क्वेसारची दोन रूपे असल्याचे आढळले. मधल्या दीर्घिकेच्या दोन बाजूंनी त्याचा प्रकाश आपणांकडे येतो. एका रूपात दिसलेला बदल दुसऱ्यात सुमारे ४१७ दिवसांनी दिसतो. फूटपट्टीच्या ‘सरळ’ने येथे निरुपाय होतो, कारण दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते असे तिने शिकविलेले असते. वाटसरूस यात नवल नाही: एका गावास जाणाऱ्या दोन वाटा असतात, दोन्हींवर ‘सरळ जा’ असेच सांगतात, आणि एकीने उशीर होतो. उशिरा येणारा किरण लवकर येणाऱ्याइतकाच ऋजु आहे; ‘अल्पांतरी’ हा शब्द येथे पुन्हा एकदा नापास होतो.

कृष्णविवराजवळ हा अर्थ कसोटीस लागतो. कार्ल श्वार्झशिल्ड याने १९१६ मध्ये दिलेल्या उत्तरानुसार, सूर्याएवढे वस्तुमान सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत कोंबले तर तेथे परतीची सीमा तयार होते. आणि तिच्या दीडपट त्रिज्येवर आडवा सोडलेला किरण सरळ जात जात निघाल्या जागी परत येतो. प्रत्यक्ष सीमेवर बाहेरच्या रोखाने सोडलेला किरण बाहेरच निघालेला असतो, पण बाहेर पडत नाही. ‘निघणे’ आणि ‘पडणे’ यांतील भेद मराठीत आयता आहे. ‘विवर’ या शब्दाने मात्र भिंती व तोंड असलेल्या गुहेचे चित्र उभे राहते, आणि कैदी भिंतीवर आपटून परततो तसा प्रकाश परततो असे वाटू लागते. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेल्या कथेचे नाव ‘कृष्णविवर’ होते, आणि आज तो शब्द घराघरांत गेलेला आहे. रुळलेला शब्द काढून टाकता येत नाही, आणि काढूही नये. पण त्याच्याभोवतीची क्रियापदे तरी नीट निवडता येतात.

या विषयाशी मराठी माणसाचा संबंध त्याहूनही जुना आहे. कोल्हापुरात जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर, म्हणजे जयंतरावांचे वडील, यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात सापेक्षतेच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली. १९४२ साली त्यांच्याकडे येऊन राहिलेले गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये एक महत्त्वाचे उत्तर शोधून काढले. श्वार्झशिल्डच्या ताऱ्याभोवती अवकाश रिते होते. वैद्यांचा तारा प्रकाश टाकतो, आणि त्याच्याभोवतीचे अवकाश बाहेर जाणाऱ्या किरणांनीच भरलेले असते. म्हणजे किरण हा केवळ वाटसरू उरत नाही. तो वाट घडविणाराही होतो. येथे भाट्याच्या रस्त्याचा दृष्टान्त अपुरा पडतो, हे मान्य केले पाहिजे. पण पायवाट हा शब्द आपल्याजवळ आहेच. ती आधी असते म्हणून माणसे तिच्यावरून जातात, आणि माणसे जातात म्हणून ती असते.

७

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, खुद्द भौतिकशास्त्रज्ञही ‘प्रकाशाचे वाकणे’ असे म्हणतात; मग मराठी लेखकानेच एवढे सोवळे का पाळावे? आक्षेपात तथ्य आहे. सूर्यापासून अतिदूर, जेथे अवकाश जवळजवळ सपाट आहे, तेथील आगमनाची व निर्गमनाची दिशा ताडून पाहणारास दोहोंत १.७५ विकलांचा कोन सापडतो, आणि त्या कोनास ‘वाकणे’ हे संक्षिप्त नाव देण्यास हरकत नाही. शास्त्रज्ञाजवळ समीकरण असते; शब्द घसरला तरी समीकरण त्यास सावरते. मराठीतून प्रथमच हा विषय वाचणाऱ्या विद्यार्थ्याजवळ वाक्याखेरीज दुसरे काही नसते. ज्याच्याजवळ वाक्यच आहे, त्याला ते चोख मिळण्याचा हक्क आहे.

म्हणून तीन पातळ्या वेगळ्या ठेवाव्यात असे सुचवावेसे वाटते. निरीक्षण सांगताना म्हणावे: ताऱ्याचे स्थान सरकलेले दिसले. हिशेब सांगताना म्हणावे: किरणाच्या दोन टोकांच्या दिशांत इतका कोन पडतो. सिद्धांत सांगताना म्हणावे: किरण सरळ गेला. ‘किरण वाकला’ या एकाच वाक्यात आपण या तिन्ही गोष्टी कोंबतो आणि तिन्ही पुसट करतो.

त्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता, किरण आधी सरळ केव्हा होता? त्याचे उत्तर आता देता येईल: तो कधीच सरळ नाहीसा झाला नाही. माझ्या टिपणातले ते वाक्य मी खोडले आहे आणि त्याच्या जागी भाट्याच्या त्या गृहस्थांचे वाक्य घातले आहे.